निदण उपटण्याआधी

सामान्य काळातील सोळावा रविवार (मत्तय १३ : २४-४३)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला एका शेतावर घेऊन जातो. धन्याने शेतात चांगले बी पेरले आहे. रात्री सारे झोपेत असताना वैरी येतो आणि गव्हामध्ये निदण पेरून निघून जातो. पीक वाढते, ओंब्या धरू लागतात आणि मग निदण उघडे पडते. दासांना राहवत नाही. आत्ताच जाऊन ते उपटून काढतो, असे ते म्हणतात. धनी त्यांना थांबवतो. निदण काढता काढता गहूही मुळासकट हाती येईल, ही त्याची काळजी आहे. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, मग पाहू, असे तो सांगतो.

दासांच्या हेतूत काही खोट नव्हती, हे आपण आधी लक्षात घेऊ या. त्यांना धन्याच्या शेताविषयी प्रेम होते, कष्ट करायची तयारी होती. त्यांची नजर मात्र जमिनीच्या वरच होती. निदण ही गवताचीच एक जात. ओंबी धरेपर्यंत ते गव्हासारखेच दिसते आणि तोवर जमिनीखाली दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. धन्याला ही मुळे ठाऊक होती.

ह्या दाखल्याचा अर्थ प्रभूने स्वतःच सांगितला आहे. शेत म्हणजे जग. दाखला माणसांविषयी आहे, शेतकी शिकवण्यासाठी नाही. तरीही आज आम्ही तो एका खऱ्याखुऱ्या गवताच्या आणि पाण्याच्या जागी नेऊन पाहणार आहोत. त्याला कारण आहे. आपल्या चर्चच्या जमिनीतील शाळेमागच्या बावखलाचे काय करायचे, हा प्रश्न येत्या पॅरिश कौन्सिलच्या सभेपुढे आहे. काहींचे म्हणणे, ते बुजवून गाड्या उभ्या करायला जागा करावी. काहींचे म्हणणे, चारी बाजूंनी भिंत घालून, फाटकाला कुलूप लावून ते 'राखून' ठेवावे. दोन्ही बाजूंची माणसे चर्चवर प्रेम करणारी आहेत. म्हणून दासांची गोष्ट आज आपल्यासाठी आहे.

घन्याची गोष्ट

राजस्थानात भरतपूर शहराला लागून केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. आग्र्याला ताजमहाल पाहायला गेलेल्या आपल्यापैकी काहींनी ते पाहिलेही असेल. आतल्या महादेवाच्या देवळावरून त्याला केवलादेव हे नाव पडले. आसपासचे लोक त्याला नुसते 'घना' म्हणतात. क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर. पण त्यात उथळ तळी आहेत, गवताचे माळ आहेत, बाभळीची झाडे आहेत, आणि हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे हजारो पक्षी उतरतात.

ही जागा जशी दिसते तशी आपोआप झालेली नाही. मुळात ती एक सखल, खोलगट जमीन. अठराव्या शतकात राजा सूरजमलच्या काळात जवळच अजान बांध घातला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरच्या संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी तिथे पाट काढले, लहान बांध घातले, पाण्याचे कप्पे पाडले, पाणी आत-बाहेर सोडायला झडपा बसवल्या. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या दगडावर आजही कोरलेला आहे. माणसाच्या हावेसाठी बांधलेले हे पाणी पुढे पक्ष्यांचे घर म्हणून जगभर ओळखले गेले. १९८१ साली रामसार करारान्वये ते महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र ठरले, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. वाईटासाठी केलेल्या कामातूनही परमेश्वर काही चांगले उभे करू शकतो, याचे हे एक लहानसे उदाहरण.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. ह्या तळ्यांच्या काठांवर आणि माळांवर भोवतालच्या गावांच्या गाई-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्या होत्या. १९८२ साली उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर चराई बंद करण्यात आली. पक्ष्यांच्या घरात गुरांचे काय काम, हा विचार त्यामागे होता. जाणकारांपैकीही अनेकांना तो पटत होता. गावकऱ्यांना मात्र गुरे न्यायला दुसरी जागा नव्हती. त्या वर्षी नोव्हेंबरात गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे प्राण गेले.

गुरे बाहेर गेली. मग काय झाले? आपल्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तेव्हा तिथे अभ्यास करीत होती. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे तिच्या शास्त्रज्ञांनी पाणी, गवत, मासे, पक्षी यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून जे दिसले ते कोणाच्या अपेक्षेत नव्हते. पास्पालम नावाचे एक पाणगवत असते. ते काठावरून सरकत सरकत उथळ पाण्यात पसरते आणि त्याची जाड चटई बनते. म्हशी ते खात होत्या, पाण्यात डुंबताना तुडवत होत्या, त्यामुळे मधले पाणी मोकळे राहत होते. म्हशी गेल्यावर गवत वाढतच गेले. मोकळे पाणी आक्रसले, माशांना जागा उरली नाही, पाणपक्ष्यांना उतरायला आणि चारा शोधायला अडचण होऊ लागली. ज्यांच्यासाठी म्हशी हाकलल्या, त्या पक्ष्यांचेच नुकसान झाले. मर्यादित चराई ह्या जागेला हितकारकच आहे, असा ह्या अभ्यासाचा निष्कर्ष निघाला. पुढे गावकऱ्यांनाच परवाने देऊन गवत कापून नेऊ देण्यात आले. म्हशी जे काम करीत होत्या, ते माणसांच्या विळ्यांनी करावे लागले.

बंधू-भगिनींनो, निदण उपटायला निघालेल्या दासांची ही गोष्ट नव्हे काय? वरवर पाहता म्हैस म्हणजे निदण आणि पक्षी म्हणजे गहू. खाली मात्र मुळे गुंतलेली होती.

ह्यावरून गुरे कितीही सोडावीत, असा अर्थ कोणी काढू नये. गुरे फार झाली तर गवत बुडख्यापर्यंत खरडले जाते, जमिनीवरची घरटी तुडवली जातात, काठ उघडे पडतात. कळीचा प्रश्न किती, कुठे आणि केव्हा हा आहे. अतिरेक आणि अभाव यांच्या मधोमध सद्गुण असतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले, आणि सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ते पाठही केले. गवताच्या बाबतीत तो मध्य पुस्तकात सापडत नाही. तो त्या जागेवर, वर्षानुवर्षे पाहून शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घन्याचे सगळे दुःख गवतातून आलेले नाही. तिथे येणाऱ्या सायबेरियन क्रौंच पक्ष्यांची शेवटची जोडी २००२ साली दिसली, त्यानंतर ते आले नाहीत. हजारो किलोमीटरच्या वाटेवर त्यांची शिकार होत गेली, हे त्याचे एक मोठे कारण. पाण्याचा प्रश्न वेगळाच. वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात गंभीर नदीवर पांचना धरण आहे. तिथल्या शेतकऱ्यालाही पाणी हवे आणि खालच्या पक्ष्यालाही. २००० नंतरच्या दशकात अनेक वर्षे उद्यानाला पुरेसे पाणी मिळाले नाही आणि सुकलेल्या जमिनीवर विलायती बाभूळ माजली. ती काढण्यासाठी पुन्हा गावकऱ्यांचीच मदत घ्यावी लागली. त्यांनी ती मुळासकट काढायची आणि लाकूड घरी न्यायचे, असे ठरले. पुढे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळ नदीतून पाणी आणण्याच्या योजना झाल्या. एका तळ्याची राखण करायची तर नदी, धरण, शेतकरी, गुराखी आणि परदेशातला शिकारी, एवढ्या सगळ्यांचा विचार करावा लागतो.

'राखणे' म्हणजे काय?

उत्पत्तीच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत परमेश्वर मनुष्याला एदेन बागेत ठेवतो. कशासाठी? दोन कामांसाठी. एक मशागत करण्यासाठी आणि दुसरे राखण्यासाठी. मूळ हिब्रू भाषेत हे दोन शब्द आहेत, 'अबाद' आणि 'शामार'. 'अबाद' म्हणजे राबणे. देवाची सेवा करणे, उपासना करणे, यासाठीही पवित्र शास्त्रात हाच शब्द येतो. 'शामार' म्हणजे राखणे, जपणे, लक्ष ठेवणे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या पत्रात हे दोन्ही शब्द एकत्र धरून समजावले आहेत. राबणे सोडून नुसते राखता येत नाही आणि राखणे सोडून नुसते राबणे ही लूट होते.

आपल्यातले दोन गट नकळत हे दोन शब्द वाटून घेतात. एक गट म्हणतो, जमीन वापरा. दुसरा म्हणतो, हात लावू नका. पाप पहिल्या बाजूला आहे आणि पुण्य दुसऱ्या बाजूला, अशी आपली समजूत असते. पण तळ्याला खरोखरच कोणी हात लावला नाही, तर त्याचे काय होते, हे आपल्यातल्या कोणत्याही जुन्या वाडीवाल्याला विचारा. दरवर्षी पावसाबरोबर माती येते, झाडांची पाने पडतात, गाळ साचतो. काठाचे गवत आत सरकते, जलपर्णी पसरते. काही वर्षांत तळ्याचा चिखल होतो, चिखलाची जमीन होते. माळाचेही तसेच. गवत कोणी खाल्ले नाही, कापले नाही, तर वाळलेल्या काड्यांचा थर साचतो, खाली ऊन पोहोचत नाही, आणि लहान फुलझाडे व नाजूक गवते दबून जातात. पुढे झुडपे येतात आणि माळावर राहणारे पक्षी निघून जातात. आपण अशा माळाला 'पडीक' म्हणतो आणि चांगल्या मनाने त्यावर झाडे लावायला जातो. पण माळ ही देवाची वेगळी रचना आहे. तो अर्धवट राहिलेला रानाचा तुकडा नाही.

म्हणून राखणे हे रोजचे काम आहे. केवलादेवला पाण्याची पातळी पाहावी लागते, कोणत्या कप्प्यात किती पाणी सोडायचे ते ठरवावे लागते. पाय बुडवून मासे टिपणाऱ्या बगळ्याला उथळ पाणी हवे, बुडी मारणाऱ्या पाणकावळ्याला खोल, कमळाच्या पानांवर चालणाऱ्या पक्ष्याला पाने हवीत. साऱ्यांना एकसारखी खोली दिली, तर एकाचीच सोय होते. उन्हाळ्यात काही भाग सुकतो, तेही वाईट नाही. त्यामुळे गाळाला हवा लागते. बाहेरून आलेले आफ्रिकन मागूर मासे तिथे पकडून काढावे लागले, कारण ते बाकीचे सारे खाऊन टाकतात. ह्यातले एकही काम एकदा करून संपत नाही. लहान मुलाचे संगोपन जसे एका दिवसात होत नाही, तसेच हे.

तो भाऊ कुठे आहे?

'शामार' ह्या शब्दाची आणखी एक गोष्ट आहे, आणि आजच्या प्रवचनाचे मर्म त्यात आहे, असे आम्हांला वाटते. एदेन बाग राखायला सांगताना जो शब्द आला, त्याच धातूपासून झालेला शब्द चौथ्या अध्यायात पुन्हा येतो. काइनाने हाबेलचा खून केला आहे. परमेश्वर त्याला विचारतो की तुझा भाऊ कुठे आहे. आणि काइन उलट विचारतो की मी काय त्याचा राखणदार आहे? बागेची राखण आणि भावाची राखण यांसाठी पवित्र शास्त्रात एकच शब्द आहे. ज्याला बाग राखायची आहे, त्याला भावाविषयीचा हा प्रश्न टाळता येत नाही.

भरतपूरला १९८२ साली बागेची राखण भावाच्या राखणीपासून तोडली गेली. परिणामी भाऊही गेला आणि बागही बिघडली. पुढे जेव्हा गावकऱ्याच्या हाती विळा आणि कुऱ्हाड सन्मानाने दिली गेली, तेव्हा गवतही आटोक्यात येऊ लागले आणि त्याच्या घरी चारा व सरपणही गेले. लेवीय पुस्तकात परमेश्वर इस्राएल लोकांना शेताच्या कडा न कापता गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवायला सांगतो. कडा गरिबाची. तळ्याच्या काठालाही हा नियम लागू करता येईल.

ह्याचाच एक भाग म्हणजे पाहुणे. केवलादेव बंद दरवाजाआड नाही. तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो. पण आत गाड्यांना मोकळे रान नाही. मुख्य वाटेने पायी, सायकलवर किंवा रिक्षातून जायचे. सायकलरिक्षा चालवणाऱ्या स्थानिक माणसांना पक्ष्यांची ओळख करून देण्याचे शिक्षण दिले गेले आणि त्यातले कित्येक जण उत्तम जाणकार झाले. पाहुण्याच्या पैशातून त्यांचे घर चालते. आणि ज्याचे घर तळ्यावर चालते, तो तळ्याला इजा होऊ देत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना शांतता मिळते, आणि पाहुण्यालाही पाहायला मिळते. माणसाने जे कधी पाहिलेच नाही, त्याच्यावर तो प्रेम कसे करील? आणि जिथे हजारो पाय वाटेल तिथे पडतात, तिथे पाहायला काय उरेल? म्हणून वाट आखावी लागते.

आपल्याही दारात हे घडते आहे. पावसाळा लागला की तुंगारेश्वरच्या अभयारण्यात आणि चिंचोटीच्या धबधब्यावर मुंबईहून गर्दी लोटते. आपल्या धर्मग्रामातले तरुणही त्यात असतात. जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. देवाची निर्मिती पाहायला अवश्य जा. पण आपण तिथे पाहुणे आहोत. पाहुणा घरातल्या देवघरात चपला घालून जात नाही, ताट टाकून उठत नाही. आखलेल्या वाटेवरून चालावे, बाटल्या-पिशव्या परत आणाव्यात, गाणी मोठ्याने लावू नयेत. एवढे केले तरी आपला दिवस तिथे पुण्यात जमा होईल.

विवेकाची शिकवण

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक ह्या सद्गुणाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांतली तीन आज आपल्या उपयोगाची आहेत. पहिले स्मृती, म्हणजे पूर्वी काय घडले याची आठवण. दुसरे शिकण्याची तयारी. विवेकाच्या बाबतीत कोणीही स्वयंपूर्ण नाही, मोठ्या विद्वानालाही दुसऱ्याकडून, विशेषतः अनुभवी वडीलधाऱ्यांकडून शिकावे लागते, असे ते म्हणतात. तिसरे सभोवार पाहणे. एखादी गोष्ट एरवी चांगली असली, तरी ह्या ठिकाणी, ह्या परिस्थितीत ती चांगली आहे का, हे तपासणे. भरतपूरच्या गुराख्याला कोणी आधी विचारले असते, तर म्हशी पाण्यात काय करतात, हे त्याने सांगितले असते. आणि शास्त्रज्ञांनी दहा वर्षे नोंदी ठेवल्या नसत्या, तर आपल्याला आजही ते कळले नसते. दोघेही हवेत.

आता आपल्या बावखलाविषयी. वसईत बावखल म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पूर्वजांनी वाड्यांमध्ये खोदलेली ही गोड्या पाण्याची तळी. त्यांच्यावर रहाट चालले, केळी आणि पानवेली पिकल्या, भाजी मुंबईच्या बाजारात गेली, त्यातून मुलांचे शिक्षण झाले. पावसाचे पाणी तिथे थांबून जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी टिकतात. खाडी आणि समुद्र जवळ असलेल्या आपल्या ह्या भागात गोडे पाणी जमिनीत राहणे किती महत्त्वाचे आहे, हे विहिरीचे पाणी मचूळ झालेल्या घराला विचारा. आणि अशी किती बावखले कचऱ्याने व भरावाने बुजली, हेही आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ती बुजवणारी माणसे परकी नव्हती.

म्हणून बावखल बुजवावे, ह्या सूचनेला आम्ही संमती देऊ शकत नाही. गाड्यांसाठी दुसरी सोय शोधता येईल. पाणी मुरायला दुसरी जागा सापडणार नाही. पण भिंत आणि कुलूप ह्या सूचनेलाही आम्ही आज 'हो' म्हणणार नाही. ज्या म्हाताऱ्या माणसाची भाजीची वाडी अजून त्या पाण्यावर तगून आहे, तो कुलपाबाहेर राहील आणि जलपर्णी कुलपाआत. भरतपूर आपल्याला एवढे नक्की शिकवते.

कौन्सिलपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवणार आहोत. निर्णय एका सभेत घेऊ नये. एक वर्ष आपण पाहावे. ज्यांनी हे बावखल वापरले त्या वडीलधाऱ्यांना बोलवून, गाळ कोण काढत असे, केव्हा काढत असे, पाणी कुठून येत असे, हे लिहून घ्यावे. शाळेच्या मुलांनी दर महिन्याला विहिरीच्या आणि बावखलाच्या पाण्याची पातळी मोजून वहीत नोंदवावी. पाणकोंबडी, खंड्या, ढोकरी, बेडूक जे जे दिसेल तेही लिहावे. पाऊस संपल्यावर जलपर्णी हातांनी ओढून काढावी आणि एक दिवस काठावरच ठेवावी, म्हणजे तिच्यातले लहान जीव पाण्यात परत जातील. गाळ उन्हाळ्यात काढावा, पण सारा एकदम काढू नये. पहिल्या वर्षी एक भाग, मग दुसरा. काढलेला गाळ वाडीत घालावा. बाहेरचे मासे कोणी हौसेने आणून सोडू नयेत. बसायला एका बाजूला जागा करावी, चालायला एक वाट असावी आणि वाडीवाल्याचा हक्क आहे तसा राहावा.

आणि एक काठ मुळीच साफ करू नये. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी आपल्या मठाच्या बागेचा एक भाग न खणता ठेवायला सांगितले होते, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे. तिथे रानफुले आणि रानवनस्पती उगवाव्यात आणि पाहणाऱ्याचे मन त्यांच्या निर्मात्याकडे वळावे, हा त्यांचा हेतू. बाकीच्या बागेत बंधूंनी राबायचे, ह्या तुकड्यात देवाला त्याच्या मर्जीने उगवू द्यायचे. 'अबाद' आणि 'शामार' यांचा मेळ एका बागेत असा बसतो.

आता दाखल्याच्या मूळ अर्थाकडे वळू या, कारण प्रभूने तो माणसांसाठी सांगितला. ह्या बावखलावरून गेल्या काही आठवड्यांत आपल्यात कडू शब्द बोलले गेले. एकाने दुसऱ्याला विकासाचा वैरी म्हटले, दुसऱ्याने पहिल्याला देवाच्या निर्मितीचा वैरी. जणू एकमेकांना उपटूनच टाकायचे आहे. आजच्या पहिल्या वाचनात परमेश्वर सर्वसमर्थ असूनही सौम्यतेने न्याय करतो, आणि नीतिमान माणसाने दयाळू असावे हे तो त्यातून आपल्या लोकांना शिकवतो, असे आपण ऐकले. ज्याच्या हाती सारे सामर्थ्य आहे, तो घाई करीत नाही. मग आपल्याला कसली घाई? आपली मुळेही ह्या एकाच धर्मग्रामात गुंतलेली आहेत. एकाच स्नानसंस्काराच्या पाण्याने आपण सारे भिजलो आहोत. भाऊ उपटून काढून वाचवलेले बावखल देवाला प्रिय होणार नाही, आणि बावखल बुजवून मिळवलेली सोय आपल्या नातवंडांना माफक वाटणार नाही.

गेल्या रविवारी संत पौलाच्या पत्रातून आपण ऐकले की सारी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हत आहे आणि देवाच्या मुलांची वाट पाहत आहे. ती देवाची मुले म्हणजे आपणच. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर, पाऊस असला तरी छत्र्या घेऊन, आपण सारे शाळेमागे बावखलाच्या काठावर जमू या. दोन्ही मतांच्या लोकांनी यावे. वडीलधाऱ्यांना खुर्च्या ठेवल्या जातील. त्या दिवशी कोणी भाषण करायचे नाही. ज्यांना ते पाणी ठाऊक आहे, त्यांनी सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे.

हे प्रभू परमेश्वरा, तू आम्हांला तुझ्या बागेत ठेवलेस. आम्हांला राबायचे बळ दे आणि राखायची समज दे. घाईने उपटणारे आमचे हात आवर. जे आम्हांला दिसत नाही, ते ज्यांना ठाऊक आहे अशांचे ऐकण्याची नम्रता दे. आणि कापणीच्या दिवशी तू विचारशील की तुझा भाऊ कुठे आहे, तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा आहे, असे उत्तर आम्हांला देता यावे. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू